मानमोडी आणि पेशींची पानगळ

आजारांना नावे देण्याच्या बाबतीत मराठी माणूस मोठा चित्रकार आहे. ‘घटसर्प’ म्हटले की घशात वेटोळे घालून बसलेला साप दिसू लागतो. ‘धनुर्वात’ म्हटले की धनुष्यासारखा ताणलेला देह डोळ्यांपुढे येतो. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी भयानक साथ जगभर फिरली, तिलाही आपल्या लोकांनी असेच एक नाव दिले होते — ‘मानमोडी’. नावातच सारे आले. ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्द मूळचा इटालियन, आणि त्याचा अर्थ ‘प्रभाव’. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने साथी येतात अशी तिकडची जुनी समजूत. तिकडच्या माणसाने कारण शोधायला आकाशाकडे पाहिले. आपल्या माणसाने अंथरुणावरच्या रोग्याकडे पाहिले.

आज मानमोडी हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. तिचा ‘फ्लू’ झाला आहे, आणि फ्लूच्या मागे ‘साधा’ हे विशेषण कायमचे चिकटले आहे. “साधा फ्लू आहे हो, तीन दिवसांत बरे वाटेल.” शंभरांतल्या बहुतेकांना तसे बरे वाटतेही. मग त्याच फ्लूने एखादा धडधाकट माणूस आठवड्याभरात का जातो? विषाणू तोच, ताप तोच, शहर तेच. मग एक घरी परततो आणि एक परतत नाही, असे का?

मी मराठीची प्राध्यापिका. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रोग्याचे नातेवाईक म्हणून जेवढा येतो तेवढाच. परंतु ह्या प्रश्नाच्या मागे लागले असता मला एक उत्तर सापडले, आणि ते इतके विलक्षण वाटले की आपल्यापुढे मांडल्यावाचून राहवत नाही. ते उत्तर थोडक्यात असे: फ्लूमध्ये आपल्या शरीरातल्या पेशी मरतात, हे तर खरेच, पण त्या किती मरतात ह्याइतकेच त्या कशा मरतात ह्यालाही महत्त्व आहे.

मुंबईचा ताप

प्रथम आपल्या शहराची हकीकत सांगायला हवी. कारण १९१८ च्या साथीत तिला ‘मुंबईचा ताप’ असेही नाव पडले होते.

त्या वर्षी १० जून रोजी मुंबईच्या पोलीस इस्पितळात सात शिपाई तापाने दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ताप हिवतापाचा नव्हता. पुढच्या काही दिवसांत गोदीतले नोकर, बँकेतले कारकून, तारखात्यातली आणि टांकसाळीतली माणसे, गिरणीकामगार असे एकामागून एक आजारी पडू लागले. महायुद्ध चालू होते आणि सैन्याची जहाजे बंदरात ये-जा करीत होती. मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर ह्यांचे म्हणणे असे की मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या एका जहाजाने रोग आणला. सरकारी बाजू म्हणे, छे, जहाजावरच्या खलाशांनाच तो मुंबईत जडला! वाद रंगला, आणि रोग मात्र कुणाची वाट न पाहता आगगाडीत बसून देशभर गेला.

पहिली लाट तशी सौम्य होती. पावसाळा सरता सरता सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि तिने खरे रूप दाखवले. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एकाच दिवशी मुंबईत इन्फ्लुएंझाने ७६८ माणसे दगावली. त्या वर्षी पाऊस रुसला होता, धान्य महागले होते, आणि परळ-लालबागच्या चाळींतून दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे राहत होती. मुंबईतल्या मृत्यूंची जी प्रतवारी पुढे मांडली गेली ती वाचताना आजही मान खाली जाते. ज्यांना तेव्हा ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हणत त्यांच्यात दर हजारी ६१.६ माणसे गेली. युरोपियनांत दर हजारी ८.३. देशभरात किती गेले ह्याचे अंदाज निरनिराळे आहेत, पण आज मान्य असलेले अंदाज एक कोटीच्या पुढचेच आहेत.

ह्या आकड्यांत एक गूढही आहे. एरवी फ्लू नेतो तो तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना. १९१८ च्या साथीने मोठ्या संख्येने नेली ती वीस ते चाळीस वर्षांची, भर उमेदीतली माणसे. माझ्या यजमानांची पणजी त्यांतलीच एक. रत्नागिरीकडून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आलेली, वय बावीसच्या आसपास, पदरात तीन वर्षांचा मुलगा. घरात तिचा फोटो नाही. “मानमोडीत गेली” एवढे एकच वाक्य तिच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पोराला आत्याने वाढवले, म्हणून आमचे घर आज उभे आहे.

बावीस वर्षांची, कधी डोके न दुखलेली ती मुलगी का गेली, हे १९१८ मध्ये कुणालाच सांगता आले नसते. फ्लू विषाणूमुळे होतो हेच तेव्हा ठाऊक नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ फायफर ह्यांनी १८९२ मध्ये शोधलेल्या एका जंतूवर सारा संशय होता. माणसातील फ्लूचा खरा विषाणू लंडनमध्ये हाती लागला तो १९३३ साली.

डॉक्टरांनी सांगितलेली चाळीची गोष्ट

ह्या जुन्या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती सासूबाईंच्या आजारपणात. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांना फ्लू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरू लागला म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला, आणि सातव्या दिवशी त्यांना धाप लागली. परळच्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात त्यांना ठेवावे लागले. तिथल्या तरुण डॉक्टरांना मी विचारले, “डॉक्टर, ताप तर उतरला. मग हे काय?”

ते म्हणाले, “मॅडम, विषाणू आता उतरणीला लागलाय. आता जे चाललंय ते त्याच्यामुळे कमी आणि शरीराच्या स्वतःच्या गोंधळामुळे जास्त.” माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, “तुम्ही लालबागला राहता ना? मग जुनी चाळ उतरवताना पाहिली असेल.”

पाहिली होती, गिरगाव-लालबागच्या माणसाने ती न पाहून कसे चालेल? चाळ रीतसर पाडायची असली की आधी बिऱ्हाडे संक्रमण शिबिरात जातात. वीज-पाणी तोडतात. मग कंत्राटदाराची माणसे येऊन दारे, खिडक्या, जिन्याचे कठडे, सागवानी तुळया एकेक करून सोडवतात. त्यांचे गिऱ्हाईक ठरलेले असते. उरलेला राडारोडा गोणपाटाच्या पडद्याआड फोडून ट्रकमधून नेतात. शेजारच्या चाळीला थोडी धूळ सोसावी लागते, इतकेच.

“आणि तीच चाळ पावसात मध्यरात्री कोसळली तर?” डॉक्टरांनी विचारले. “शेजारच्या भिंतींना तडे जातात, पाण्याची लाइन फुटते, बंब येतात, ॲम्ब्युलन्स येतात, हजार माणसं गल्लीत घुसतात. मदतीला आलेल्यांच्या गर्दीनंच रस्ता बंद होतो. आजींच्या फुप्फुसात आत्ता तसं झालंय.”

सोळा दिवसांनी सासूबाई घरी आल्या. पण डॉक्टरांची ती गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना, आणि मी वाचू लागले.

झाडूवाल्यांचा संप

आपल्या नाकापासून फुप्फुसापर्यंतची श्वासाची वाट आतून एका अस्तराने मढवलेली असते. ह्या अस्तरातल्या पुष्कळ पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचे झुपके असतात. एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका लयीत हलतात आणि धूळ, जंतू ज्यात अडकले आहेत असा चिकट कफ वर घशाकडे ढकलत राहतात. आपण झोपलो तरी हे झाडूवाले झोपत नाहीत.

फ्लूचा विषाणू इतका लहान की एका मिलिमीटरात सुमारे दहा हजार विषाणू एका ओळीत बसतील. त्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एका तऱ्हेच्या काट्याने तो पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट साखरेला घट्ट धरतो. दुसरे काटे बाहेर पडताना तीच साखर कापून पिल्लांना मोकळे करतात. ‘एच-वन-एन-वन’ ह्या नावातले ‘एच’ आणि ‘एन’ ते हेच. विषाणूच्या पोटात आर.एन.ए. नावाच्या द्रव्याचे आठ धागे असतात. त्याची सारी पोथी ती एवढीच. पेशी फसून त्याला आत घेते. मग ही आठ पानांची पोथी पेशीच्या केंद्रकात जाते आणि पेशीचा सगळा कारखाना मालकाचे काम सोडून हीच पोथी छापू लागतो. सात-आठ तासांत नवे विषाणू बाहेर पडायला लागतात.

पेशीच्या दृष्टीने हा मोठा पेच असतो. जगावे, तर शत्रूचा छापखाना चालू राहतो. तेव्हा ती प्रथम शेजाऱ्यांना सावध करते. पेशी सोडते त्या इशाऱ्याच्या द्रव्याला ‘इंटरफेरॉन’ म्हणतात. ते लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन ह्या दोघांनी १९५७ साली फ्लूच्याच विषाणूवर प्रयोग करताना शोधले. योगायोग असा की त्याच वर्षी ‘आशियाई फ्लू’ची साथ जगभर पसरली होती आणि आपल्या देशातही आली होती. शेजाऱ्यांना इशारा देऊन झाल्यावर पेशी दुसरे पाऊल उचलते. ती स्वतःच मरायचे ठरवते.

मरणाचा एक सुंदर शब्द

‘ठरवते’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. पेशीजवळ मरणाची साधने जन्मापासून असतात, म्यानात ठेवलेल्या सुऱ्यांसारखी. वेळ आली की ती म्यानाबाहेर येतात, पेशी आकसते, तिच्या केंद्रकातला ऐवज ठरावीक मापाने कापला जातो, आणि सबंध पेशीच्या लहान लहान बंद पुड्या होतात. प्रत्येक पुडीवर ‘मला उचला’ अशी जणू चिठ्ठी लागते. सफाई करणाऱ्या पेशी येतात, पुड्या गिळतात, आणि काही तासांत जागा स्वच्छ होते. आरडाओरडा नाही, सूज नाही. रीतसर उतरवलेली चाळ ती हीच.

ह्या मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी ह्या तीन शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. मला आनंद वाटला तो हे वाचून की हा शब्द त्यांना सुचवला तो ॲबरडीन विद्यापीठातल्या ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाने. शास्त्राला शब्द हवा होता आणि तो भाषेच्या वर्गातून मिळाला! ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो झाडावरून पाने गळणे. मराठीत आपल्याला कुणाकडे उसने मागायला नको. आपला ‘पानगळ’ शब्द तयार आहे. पान वादळाने तुटते तेव्हा फांदीला जखम होते. शिशिरात पान गळते तेव्हा झाडाने देठाशी आधीच गाठ बांधून ठेवलेली असते.

ही पानगळ आपल्या अंगात रोज चालू असते. दिवसाकाठी काही हजार कोटी पेशी अशा गळतात आणि तितक्याच नव्या येतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. आईच्या पोटात बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा असतो. बोटांमधल्या पेशी गळतात तेव्हा बोटे सुटी होतात. पावसाळ्यात डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लाची शेपटी जाते ती अशीच. मातीत राहणाऱ्या एका मिलिमीटरभर जंतात जन्मभरात १०९० पेशी जन्मतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ ठरल्या वेळी मरतात. हा हिशेब आणि त्यामागचे नियम उलगडणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन ह्या तिघांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा फ्लूच्या विषाणूने घेरलेली पेशी वेळेवर गळून पडली, तर ते शरीराच्या भल्याचेच. छापखान्यालाच कुलूप लागते. विषाणूही कच्च्या गुरूचा चेला नाही. पेशीचा इशारा दाबून टाकणारे एक प्रथिन तो बनवतो. आणि त्याच्या पुष्कळ जातींजवळ आणखी एक लहानसे प्रथिन असते, ते २००१ मध्ये उजेडात आले. ते आपल्या संरक्षक पेशींच्या शक्तिकेंद्रांना भोके पाडून त्यांनाच मारू शकते. अशी ही झुंज.

चाळ कोसळते तेव्हा

पण पेशीजवळ मरणाची आणखीही वाट आहे. तिला ‘नेक्रॉप्टोसिस’ म्हणतात. पहिली वाट विषाणूने अडवली तर उपयोगी पडावी म्हणून निसर्गाने ती राखून ठेवली असावी. ह्यात पेशीच्या आवरणाला आतून भोके पडतात, ती पाणी पिऊन फुगते आणि फुटते. आतला सारा ऐवज शेजारी सांडतो. हा सांडलेला ऐवज म्हणजे धोक्याची घंटा. तो ओळखून रक्तातल्या लढाऊ पेशी धावत येतात आणि दाहक द्रव्ये सोडू लागतात. त्या द्रव्यांना मित्र-शत्रू कळत नाही. हीच कोसळलेली चाळ.

फ्लूने घेरलेल्या पेशीला ही वाट कोण दाखवते, ह्याचा शोध २०१६ साली अमेरिकेत लागला, आणि त्यात आपल्या देशातून गेलेल्या दोन शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांचा वाटा मोठा आहे: मेम्फिस येथील तिरुमला-देवी कन्नेगंटी आणि फिलाडेल्फिया येथील सिद्धार्थ बालचंद्रन. पेशीत ‘झेड.बी.पी.वन’ नावाचा एक पहारेकरी असतो. विषाणूच्या आर.एन.ए.चे काही दुपदरी तुकडे नेहमीच्या उजव्या पिळाऐवजी डाव्या पिळाचे असतात. तो उलटा पीळ हाताला लागला की पहारेकरी ओळखतो, हे घरचे सूत नव्हे. आणि पेशीला मरणाची आज्ञा देतो. गंमत अशी की हा एकच पहारेकरी पानगळीची आज्ञाही देतो आणि कोसळण्याचीही.

आता फुप्फुसाच्या तळाशी जाऊ. तिथे हवेचे सूक्ष्म फुगे असतात, दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी. त्यांचे पातळ पडदे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे चाळीतल्या दहा बाय बाराच्या सहाएक खोल्या. ह्या पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त. मध्ये झिरझिरीत पेशींचा एक थर. प्राणवायू आत येतो तो ह्याच थरातून. फ्लू वरच्या वाटेत राहिला तर पडसे, खोकला, अंगदुखी आणि ताप एवढ्यावर निभावते. तो खाली उतरला आणि ह्या थरातल्या पेशी कोसळू लागल्या, तर रक्तातले पाणी हवेच्या फुग्यांत झिरपते. माणूस छातीभर श्वास घेतो, पण हवा रक्तापर्यंत पोचत नाही. सासूबाईंना सातव्या दिवशी लागलेली धाप ती हीच. विषाणू ओसरला होता. राडारोडा उरला होता.

शिवाय आणखी एक संकट असते. झाडूवाल्या पेशीच मेल्या की उघड्या पडलेल्या अस्तरावर दुसरेच जंतू, विशेषतः न्यूमोनियाचे, येऊन ठाण मांडतात. १९१८ च्या मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुतेकांना शेवटी ह्या दुसऱ्या जंतूंच्या न्यूमोनियाने नेले असे तीत दिसून आले. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता.

परळचे एक जुने नाते

सफाई करणाऱ्या पेशींचा उल्लेख वर आला. त्यांचा शोध एली मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली इटलीत समुद्रकाठी राहत असताना लावला, आणि त्यासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्याच मेचनिकॉफांचा ओडेसा येथील एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईत प्लेग पसरला असताना त्याने लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. परळ नाक्यावरून रोज जाणाऱ्या हजारो माणसांना हे ठाऊक नसते की पेशी ‘उचलणाऱ्या’ पेशींच्या शोधाचे नाते ह्या झाडीतल्या जुन्या वास्तूशी असे पोचते. २००९ साली एच-वन-एन-वनची नवी साथ आली, पुण्यात देशातला पहिला बळी गेला, मुंबईत शाळा-चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली, तेव्हा घशातले नमुने तपासण्याच्या कामात हाफकिन होते आणि चिंचपोकळीचे कस्तुरबा रुग्णालयही होते.

बर्फातला साक्षीदार

मग १९१८ च्या तरण्याताठ्यांचे काय? त्याचा साक्षीदार सापडला तो उत्तरेकडे, अलास्कातल्या बर्फात. तिथल्या ब्रेविग मिशन ह्या वस्तीतली ७२ माणसे नोव्हेंबर १९१८ मध्ये पाच-सहा दिवसांत मेली आणि गोठलेल्या जमिनीत पुरली गेली. योहान हल्टिन हा माणूस १९५१ साली विद्यार्थी असताना तिथे गेला, पण आणलेल्या नमुन्यांतून विषाणू काही त्याच्या हाती लागला नाही. जिद्द अशी की १९९७ साली, बहात्तराव्या वर्षी, तो पुन्हा गेला आणि गावकऱ्यांची परवानगी घेऊन एका स्त्रीच्या फुप्फुसाचा तुकडा घेऊन आला. त्यावरून आणि लष्करी इस्पितळांतून जपलेल्या नमुन्यांवरून टॉबेनबर्गर ह्यांच्या मंडळींनी विषाणूची पोथी २००५ पर्यंत पुरी वाचली. कडेकोट बंदोबस्तात तो विषाणू पुन्हा घडवला गेला. २००६ साली उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष आले: ह्या विषाणूने फुप्फुसात दाह आणि पेशीमृत्यू ह्यांची अशी काही लाट उसळवली की ती थांबेचना.

म्हणजे तरुण शरीराची जोरदार प्रतिकारशक्तीच त्याच्यावर उलटली असावी. हे एकमेव कारण नव्हे. कुणाला लहानपणी कोणता फ्लू होऊन गेला होता ह्याचाही संबंध शास्त्रज्ञ लावतात. आणि एक हजारामागे आठ आणि एक हजारामागे एकसष्ट ह्यांतला फरक तर कुठल्याही विषाणूने केलेला नाही. तो खोलीच्या मापाने, रिकाम्या डब्यांनी आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला कुणी न उरल्याने केलेला आहे. हे विसरून पेशींच्या गप्पा मारणे बरे नाही.

मधली वाट

आता आशेची गोष्ट. पेशींचे मरणच थांबवले तर? तोही प्रयोग झाला. मरणाच्या दोन्ही वाटा बंद केलेले उंदीर फ्लूने अधिकच मेले. कारण छापखाने चालूच राहिले. तेव्हा इलाज दोन्हींच्या मधला हवा. एप्रिल २०२४ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात एका नव्या औषधाची हकीकत आली. हे औषध उंदरांत पेशीचे कोसळणे थांबवते, पानगळ मात्र चालू देते. विषाणूचा बीमोड पूर्वीसारखाच झाला, फुप्फुसे शाबूत राहिली, आणि आजार सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी औषध देऊनही उपयोग झाला. उंदीर आणि माणूस ह्यांत अंतर मोठे आहे, हे खरे. पण शंभर वर्षे आपण ‘विषाणूला मारा’ एवढेच म्हणत होतो. ‘पेशीला नीट मरू द्या’ असे म्हणणारे औषध ही नवी दिशा आहे.

ते औषध येईल तेव्हा येवो. तोवर आपल्या हाती जे आहे ते थोडे नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू आपले काटे बदलत असतो. घरातल्या वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी, दमा-मधुमेह असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी. मुंबईत फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा पावसाच्या आधी घेतलेली बरी. विषाणूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त गुण येतो. म्हणून घरात म्हातारे माणूस असेल तर “बघू उद्या” म्हणू नये. ॲन्टिबायोटिकच्या गोळ्या विषाणूला मारत नाहीत. त्या मागच्या आजारपणातून उरल्या म्हणून घेऊ नयेत. आणि ताप उतरल्यावर चार दिवसांनी धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले, तर ‘अशक्तपणा असेल’ असे समजून घरी बसू नये. ही शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

दिवाळीचे दिवस आहेत. घरोघरी येणे-जाणे होईल, फराळाची ताटे फिरतील. अंगात कसकस असेल तर त्या दिवशी आजी-आजोबांच्या पाया पडायला न गेलेलेच चांगले. नमस्कार फोनवरूनही पोचतो. आणि घरात कुणी नुकतेच फ्लूतून उठले असेल, तर त्याला लगेच कामाला जुंपू नका. ताप तीन दिवसांत जातो, पण गळून गेलेले अस्तर पुन्हा भरून यायला काही आठवडे लागतात. अस्तराच्या तळाशी काही पेशी जिवंत राहिलेल्या असतात. त्याच हळूहळू वाढून उघडी जागा झाकतात आणि शेवटी नवे झाडूवाले कामावर रुजू होतात. तोवर खोकला येणारच. बाहेरून हिंडता-फिरता दिसणाऱ्या माणसाच्या छातीत अजून पालवी फुटायची असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.